जुनी मानदुखी: टेबलावरचे उपचार आणि घरचा व्यायाम

"दहा दिवस शेक घेतला, करंट लावला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं आणि पुन्हा जैसे थे." मानदुखी घेऊन येणाऱ्या बहुतेक पेशंटचं पहिलं वाक्य हेच असतं. मी मुंबईत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. हे ऐकलं की मी विचारते, "शेक चालू असताना घरी कोणता व्यायाम करत होतात?" उत्तर येतं, "व्यायाम कुणी सांगितलाच नाही," किंवा "एक कागद दिला होता, तो कुठेतरी असेल."

सगळी गोम इथेच आहे. हाताने केलेल्या उपचारांनी, म्हणजे मॅन्युअल थेरपीने, आखडलेली मान मोकळी होते आणि दुखणं उतरतं. पण ती मोकळीक काही तास, फार तर दोन-चार दिवस टिकते. तेवढ्या वेळात मानेच्या स्नायूंकडून काम करून घेतलं तर फायदा टिकतो, नाहीतर पुढच्या सोमवारी मान पुन्हा तिथेच येते. म्हणून या लेखात उपचाराच्या टेबलावर काय होतं ते सांगणार आहेच, पण जास्त जागा घरच्या व्यायामाला देणार आहे.

दुखणं तीन महिन्यांहून जास्त रेंगाळलं की त्याला जुनाट म्हणतात. पुढचं सगळं अशा मानेसाठी आहे. काल रात्री उशी चुकली आणि सकाळी मान धरली, ते प्रकरण वेगळं. ते बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप सुटतं.

आधी धोका नाही ना ते पाहा

जुनी मानदुखी सहसा धोक्याची नसते. तरी काही लक्षणं असताना मानेला कुणालाही हात लावू देऊ नका, आधी डॉक्टर गाठा.

शर्टाची बटणं लावताना, साडीला पिन लावताना, सुईत दोरा ओवताना बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत. चालताना पाय लटपटतात, रेल्वेचा जिना उतरताना कठडा सोडवत नाही. लघवी-शौचावरचा ताबा कमी झालाय. मान खाली वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं. मानेतल्या मज्जारज्जूवर दाब येत असला की अशी लक्षणं दिसतात. यात दुखणं अनेकदा फारसं नसतं, म्हणून लोक वर्ष वर्ष काढतात. वयस्कर माणसांच्या बाबतीत "वय झालं, हात थरथरणारच" म्हणून घरचेही सोडून देतात. कृपा करून सोडू नका.

संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, रात्री कुठल्याही कुशीवर दुखणं थांबत नाही, असं असेल तर रक्ताची तपासणी आणि स्कॅन आधी. मुंबईत क्षयरोग अजून भरपूर आहे आणि तो मणक्यातही होतो. पूर्वी कॅन्सर झालेल्यांनाही हेच लागू.

बाईकवरून पडलात, गाडीला मागून धडक बसली, तर एक्स-रे आधी. कधी नव्हे अशी मान आणि डोकं अचानक ठणकायला लागलं, सोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळायला त्रास, असं काही असेल तर थेट कॅज्युअल्टी; मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला चीर पडली असू शकते. मानेपासून डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, छातीवर दडपण आणि घाम असेल तर तो हृदयाचा प्रश्न धरून चाला, ईसीजी काढा.

आपली मान कोणत्या प्रकारची

"स्पाँडिलायटिस आहे" एवढ्यावर उपचार ठरत नाहीत. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टच्या संघटनेने २००८ मध्ये मानदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०१७ मध्ये ती सुधारली. त्यात मानदुखीचे चार गट केले आहेत. रोजच्या कामात मला ही विभागणी फार उपयोगी पडते, कारण गटाप्रमाणे उपचार बदलतात.

पहिला गट आखडलेल्या मानेचा. एका बाजूला वळताना अडतं, टोकाला गेल्यावर दुखतं. रिक्षातून मागे बघायचं तर अख्खं धड वळवावं लागतं. इथे हाताच्या उपचारांना सगळ्यात लवकर प्रतिसाद मिळतो.

दुसरा गट ताबा सुटलेल्या मानेचा. वळते सगळीकडे, पण थोडा वेळ एका जागी ठेवली की थकते, जड होते, डोकं धरून ठेवावंसं वाटतं. अपघातातल्या हिसक्यानंतर हे विशेष दिसतं. अशा मानेला दाबून मोकळं करण्यासारखं फार काही नसतं. तिला व्यायामच लागतो, तोही हळू चढवत नेलेला.

तिसरा, मानेतून निघणारी डोकेदुखी. कवटीच्या खालून, बहुधा एकाच बाजूने सुरू होऊन डोळ्यामागे जाते. मान ठराविक तऱ्हेने ठेवली की वाढते. अर्धशिशीच्या गोळ्या चालू असलेल्या काही जणांची डोकेदुखी प्रत्यक्षात ही असते, आणि काहींना दोन्ही असतात.

चौथा, हातात उतरणारं दुखणं. नस दबली की कळ खांद्यावरून हातात जाते, मुंग्या येतात. अंगठा आणि तर्जनी बधिर होत असेल तर मानेतून निघणारी सहावी नस, मधलं बोट असेल तर सातवी, करंगळी असेल तर आठवी, असा साधारण हिशोब असतो. असे पेशंट बऱ्याचदा तळहात डोक्यावर ठेवून आत येतात, कारण तसा ठेवला की नसेवरचा ताण कमी होऊन बरं वाटतं. विचारायच्या आधीच निम्मं निदान तिथे होतं.

एमआरआयचा रिपोर्ट वाचून घाबरू नका

फाईल उघडून लोक दबल्या आवाजात सांगतात, "मणक्यात गॅप आलाय," "गादी सरकलीय." २०१५ मध्ये जपानमधल्या डॉक्टरांनी मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ माणसांचे एमआरआय काढून निकाल प्रसिद्ध केले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेतली चकती, म्हणजे मणक्यांमधली गादी, फुगलेली दिसली. विशीतल्या मुलामुलींमध्येही बहुतेकांची. म्हणजे रिपोर्टमध्ये जे लिहिलंय तेच दुखतंय असं गृहीत धरता येत नाही. हातात ताकद कमी झाली असेल, मज्जारज्जूची लक्षणं असतील किंवा शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल तेव्हा एमआरआयला पर्याय नाही. बाकीच्यांनी तो काढण्याआधी सहा आठवडे नीट उपचार घेऊन पाहावेत असं माझं मत आहे.

जायचं कुठे

खिशाला परवडत नाही म्हणून मान तशीच ठेवू नका. परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय (सगळे सायन हॉस्पिटलच म्हणतात), मुंबई सेंट्रलचं नायर, या महापालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, ऑर्थोपेडिक ओपीडीत दाखवायचं, तिथून फिजिओथेरपीला पाठवतात. हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे, तिथेही जाता येतं. रांगेत वेळ जातो हे खरं. पण इथे शिकवणारे आणि शिकणारे दोघेही असतात, त्यामुळे तपासणी पुस्तकाप्रमाणे पूर्ण होते, आणि जुन्या दुखण्यात तिला फार मोल आहे.

खासगी क्लिनिक निवडताना पाटीवरच्या मशीनच्या यादीकडे बघू नका. फिजिओथेरपीची पदवी आहे का आणि राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारा. विचारण्यात काही गैर नाही, ज्याच्याकडे आहे तो आनंदाने दाखवतो. नंतर पहिल्या भेटीत काय होतं ते बघा. कपडा बाजूला करून मान आणि पाठ पाहिली का? दोन्ही बाजूंना किती वळते ते मोजलं का? हाताची ताकद, रिफ्लेक्स, स्पर्श तपासला का? रक्तदाब घेतला का? मधुमेह, रक्त पातळ करायच्या गोळ्या, स्टिरॉइड, जुना अपघात यांची चौकशी केली का? यातलं काही न करता "झोपा, शेक लावतो" म्हणाले, तर दुसरीकडे जा.

शेक आणि करंट वाईट नाहीत. शेकाने स्नायू सैलावतात, टेन्सने, म्हणजे त्वचेवरून दिलेल्या हलक्या करंटने, काही वेळ कळ कमी होते. मात्र जुन्या मानदुखीत अख्खी सीटिंग त्यावर घालवणं म्हणजे तुमचा वेळ आणि पैसा वाया. पेसमेकर असेल किंवा गरोदर असाल तर मशीन लावण्याआधी ते न विसरता सांगा. ट्रॅक्शनला, म्हणजे मानेला ताण देऊन ओढण्याला, चौथ्या गटात, म्हणजे हातात कळ उतरते तिथे, व्यायामाच्या जोडीने जागा आहे. सरसकट प्रत्येक मानेला ते लावायचं कारण नाही. गळ्याचा पट्टा महिनोन्महिने वापरला तर स्नायू आणखी ढिले पडतात.

टेबलावर काय होतं

बऱ्याच जणांना वाटतं की सरकलेलं हाड थेरपिस्ट जागेवर बसवतो. तसं काही होत नाही. मानेचे सात मणके एकमेकांशी लहान लहान सांध्यांनी जोडलेले असतात, आणि हे सांधे दुखण्याच्या भीतीने, स्नायूंच्या ओढीने किंवा वर्षानुवर्षं एकाच ढबीत राहून कमी हलायला लागतात. थेरपिस्ट अंगठ्याने किंवा तळव्याने त्या सांध्यावर तालात, अर्धा ते एक मिनिट, हलका किंवा खोल दाब देतो आणि सोडतो. याला मोबिलायझेशन म्हणतात. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी दाबाच्या चार पायऱ्या आखून दिल्या. पहिल्या दोन दुखणं शमवायला, पुढच्या दोन आखडलेपणा सोडवायला. न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांच्या पद्धतीत थेरपिस्ट सांध्याला आधार देऊन सरकवतो आणि त्याच वेळी पेशंट स्वतः मान वळवतो. दुखता कामा नये हा त्यातला नियम.

डोंबिवलीहून फोर्टला बँकेत जाणारी एक पेशंट होती. उजव्या डोळ्यामागे ठणका, दुपारी चारनंतर वाढणारा. पालथं झोपवून कवटीच्या खालच्या खळगीतून अंगठा खाली आणत उजवीकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याच्या सांध्यावर आले. तिथला स्नायू दोरीसारखा ताठ लागत होता, डावीकडे तो मऊ. हलकाच दाब दिला तशी ती म्हणाली, "हीच ती! हीच डोळ्यात जाते." तीन-चार वेळा मिनिट-मिनिट दाब दिल्यावर ती कळ विरत गेली आणि मान वळवून पाहिली तर हनुवटी खांद्याच्या बरीच जवळ पोचली. ती खूश झाली. मी तिला लगेच उताणं झोपवलं आणि व्यायामाला लावलं, कारण नेमका हाच वेळ महत्त्वाचा असतो. दाबामुळे मज्जासंस्था दुखण्याचे संदेश काही काळ आवरते, मान घाबरत नाही, आणि एरवी जो व्यायाम जमत नाही तो जमतो.

झटका देऊन सांधा मोकळा करणं, म्हणजे मॅनिप्युलेशन, ही त्यापुढची पायरी. "मॅडम, कट्ट आवाज आला पाहिजे ना?" असं सगळे विचारतात. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना तो आवाज येतो. आवाज आला नाही म्हणून उपचार वाया गेला असं नाही. मानेला झटका देण्याआधी मी दहा वेळा विचार करते. हाडं ठिसूळ असतील, ऱ्हुमॅटॉइड संधिवात असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील, चक्कर येत असेल, तर तो द्यायचाच नाही. बऱ्याच पेशंटना पाठीच्या वरच्या मणक्यांवर दिलेला झटका मानेलाही मोकळं करतो आणि त्यात धोका कमी. कुठलंही तंत्र वापरण्याआधी काय करणार, काय होऊ शकतं हे सांगून तुमची परवानगी घ्यायला हवी. नको वाटलं तर सरळ "नको" म्हणा, त्याला पर्याय असतात. उपचारानंतर एखादा दिवस अंग ठणकणं चालतं. त्यापुढे टिकलं किंवा हातात नव्याने मुंग्या आल्या तर कळवा.

आता सलूनविषयी. दाढी-कटिंग झाली की तेल चोपडून चंपी, आणि शेवटी हनुवटी-डोकं धरून दोन्हीकडे कडाकड मान मोडणं. आपल्याकडे गल्लीगल्लीत हे चालतं, वर्षानुवर्षं लोक हौसेने करून घेतात. पहिल्या दोन मणक्यांच्या जोडावर मानेचं जवळजवळ निम्मं वळणं होतं आणि मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या तिथूनच वळसा घेऊन वर जातात. झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडली तर लकवा होऊ शकतो, तरुण माणसालाही. असं क्वचित होतं. पण होतं तेव्हा माणूस आयुष्यातून उठतो. चंपी खुशाल करून घ्या. मानेला हात गेला की "मान नको" एवढं म्हणा. मोबाईलवरचे मान मोडायचे व्हिडिओ पाहून घरी एकमेकांवर प्रयोग तर मुळीच नको.

घरचा व्यायाम

२००३ मध्ये फिनलंडमधल्या एका अभ्यासात जुनी मानदुखी असलेल्या, ऑफिसात काम करणाऱ्या १८० स्त्रियांचे तीन गट केले. एकाने मानेची ताकद वाढवायचे व्यायाम केले, दुसऱ्याने मानेच्या स्नायूंचा दम वाढवणारे हलके व्यायाम, तिसऱ्याने फक्त स्ट्रेचिंग आणि एरोबिक. वर्षभराने दुखणं बऱ्यापैकी किंवा पूर्ण गेलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ७३ टक्के, दुसऱ्यात ५९ आणि तिसऱ्यात २१ टक्के होतं. हे मी पेशंटना आवर्जून सांगते, कारण आपल्याकडे मानेचा व्यायाम म्हटलं की लोक मान गोल गोल फिरवतात आणि ताणतात. ताणण्याने बरं वाटतं. जुनं दुखणं हटायला मात्र ताकद लागते.

पहिला व्यायाम सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त चुकीचा केला जाणारा. उताणं झोपा, गुडघे वाकवा. डोक्याखाली जाड उशी नको, पंचा चौघडी करून ठेवा. चेहरा छताला समांतर हवा. आता कुणाला अगदी हळू "हो" म्हणताना डोकं जितकं हलेल तितकीच हनुवटी गळ्याकडे आणा. डोकं उचलायचं नाही. डोक्याची मागची बाजू पंच्यावरून किंचित वर सरकते, एवढंच. दोन बोटं गळ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा. कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे येणारे जाड स्नायू बोटांना टणक लागले तर जोर जास्त होतोय. ते मऊ राहायला हवेत. काम आतल्या, मणक्याला चिकटलेल्या स्नायूंनी करायचंय. दहा सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, सोडा. दहा वेळा, दिवसातून दोनदा.

बँकेतल्या त्या पेशंटने पहिल्यांदा केला तेव्हा म्हणाली, "यात कसला व्यायाम?" सहाव्या वेळी तिची हनुवटी थरथरायला लागली, गळ्याचे जाड स्नायू ताठले आणि श्वास अडकला. तिथेच थांबवलं. तिचा पहिला आठवडा पाच सेकंद, पाच वेळा असा गेला. तुमचंही असं झालं तर लाजू नका, थरथर सुरू होण्याआधी थांबा आणि दर तीन-चार दिवसांनी एक-दोन सेकंद वाढवा.

दोन आठवड्यांत हे जमायला लागलं की बसून करायचा दुसरा व्यायाम. तळहात कपाळावर, मग डोक्याच्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला, शेवटी मागे. डोक्याने हाताला रेटा, हाताने डोकं हलू देऊ नका. जोर पूर्ण ताकदीच्या पाव हिस्सा. प्रत्येक दिशेला सहा ते दहा सेकंद, पाच-सहा वेळा.

तिसरा खांद्यांच्या पात्यांसाठी. मानेवर चढलेला भार अनेकदा पाती नीट धरली जात नसल्यामुळे चढलेला असतो. मेडिकलच्या किंवा खेळाच्या दुकानात रबरी पट्टा मिळतो. तो खिडकीच्या गजाला कोपराच्या उंचीवर अडकवा, दोन्ही टोकं धरा, कोपरं अंगाला लागून मागे ओढा. पाती एकमेकांकडे आणि किंचित खाली जायला हवीत. खांदे कानांकडे चढले तर पट्टा जास्त कडक आहे, हलका घ्या. दहा-बारा वेळा, असे दोन-तीन सेट, आठवड्यातून तीन दिवस. एकाच्या आड एक दिवस ठेवा, स्नायूंना विश्रांती लागते. चार-पाच आठवड्यांनी हाच पट्टा कपाळाला लावून मानेची ताकद वाढवायची असते, पण ते थेरपिस्टसमोर शिकूनच.

वरची पाठ आखडली असेल तर चादरीची वळकटी करून पात्यांच्या खाली आडवी ठेवा आणि दोन-तीन मिनिटं तिच्यावर हात पसरून झोपा. रोज मान डावीकडे-उजवीकडे, जिथवर विनात्रास जाते तिथवर दहा वेळा वळवा. आणि चाला. शिवाजी पार्कची फेरी, माटुंग्याचे फाईव्ह गार्डन्स, सोसायटीचं आवार, काहीही चालेल. अर्धा तास, हात मोकळे सोडून. झोप सुधारते, आणि झोप अपुरी असेल तर मान जास्त दुखते हे पेशंट स्वतःच सांगतात.

व्यायाम करताना दुखलं तर? दहापैकी तीन-चारपर्यंतचं, चोवीस तासांत उतरणारं दुखणं चालतं. त्यापेक्षा जास्त असेल तर वजन किंवा वेळा निम्म्या करा, बंद करू नका. हातात उतरणारी कळ वाढत असेल तर मात्र तो व्यायाम थांबवून विचारा.

लोकल, ओटा आणि उशी

बसायची एक आदर्श ढब असते आणि ती पाळली की मान दुखत नाही, असं मी सांगत नाही. एकाच ढबीत फार वेळ राहणं मानेला भोवतं. विरार किंवा कर्जतहून येणाऱ्यांना जागा मिळाली की तास-दीड तास मान खाली घालून मोबाईल चालतो. फोन छातीच्या उंचीवर आणा, कोपर मांडीवरच्या बॅगेवर टेका, आणि प्रत्येक दोन-तीन स्टेशनांनी वर बघून मान दोन्हीकडे वळवा. लेडीज डब्यात परतताना भाजी निवडायची असेल तर बॅग मांडीवर उभी ठेवून पिशवी तिच्यावर घ्या, मान तेवढी कमी वाकते. उभं असाल तर हँडल धरलेला हात मधूनमधून बदला. पाठीवरची बॅग गर्दीत पुढे घेतोच आपण. तिचे पट्टे आखडून ती पोटाशी न लोंबता छातीशी राहील असं करा. बसल्या जागी डुलकी लागणाऱ्यांनी खिडकीकडची जागा मिळाली तर डोकं टेकवावं, नाहीतर ओढणी किंवा टॉवेल गुंडाळून हनुवटीखाली घ्यावा.

स्वयंपाकघरात विळीवर खाली बसून तासभर चिरणं, माळ्यावरचे डबे काढताना मान मागे टाकणं, ओट्यावर वाकून भांडी, यांतलं एकेक काम वेगळं करा. सगळं एकापाठोपाठ एका दमात उरकू नका. घरातल्या इतरांनीही हात लावला तर मानेला औषधाइतका उपयोग होतो, हे मी नवऱ्यांना समोर बसवून सांगते. पलंगावर लॅपटॉप घेऊन काम करणाऱ्यांनी तो चार पुस्तकांवर ठेवावा आणि वेगळा कीबोर्ड घ्यावा. वर्षानुवर्षं कामी येणारी वस्तू आहे.

उशीसाठी महागड्या दुकानात जायची गरज नाही. कुशीवर झोपता तर कान आणि खांदा यांतलं अंतर भरेल एवढी जाड, उताणं झोपता तर पातळ. कापसाची उशी दबून एका बाजूला गोळा झाली असेल तर पिंजून घ्या. पालथं झोपायची सवय मात्र सोडावी, रात्रभर मान एका टोकाला वळलेली राहते.

किती दिवस, आणि बरं वाटतंय हे कसं ओळखायचं

माझा साधारण आराखडा असा. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनदा टेबलावर, नंतर आठवड्यातून एकदा, सहाव्या आठवड्याच्या आसपास फक्त व्यायाम तपासायला आणि वाढवायला. घरचा व्यायाम किमान तीन महिने. मानेतून निघणाऱ्या डोकेदुखीवर ऑस्ट्रेलियात २०० पेशंटवर झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा आठवड्यांचे हाताचे उपचार आणि सहा आठवड्यांचा व्यायाम, दोन्हींचा फायदा वर्षभराने टिकलेला होता. म्हणजे "आयुष्यभर दर आठवड्याला यावं लागेल" असं कुणी पॅकेज देत असेल तर त्याला आधार नाही.

पहिल्या दिवशी वहीत तीन कामं लिहा, मानेमुळे अडणारी. उदाहरणार्थ, स्कूटर चालवताना मागे बघणं, तासभर कॉम्प्युटर, केस विंचरणं. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्या. शून्य म्हणजे जमतच नाही, दहा म्हणजे पूर्वीसारखं. दर दोन आठवड्यांनी पुन्हा द्या. दुखणं रोज वरखाली होतं, पण हे आकडे खरं चित्र दाखवतात. चार आठवड्यांत एकही आकडा हलला नाही तर थेरपिस्टला वही दाखवा आणि आराखडा बदलायला सांगा. सहा ते आठ आठवड्यांतही काही फरक नसेल तर पुन्हा डॉक्टरकडे तपासणी.

मधेच एखाद्या दिवशी मान पुन्हा धरेल. पावसाळ्यात खड्ड्यांतून बाईक गेली, लग्नघरात रात्र जागून काढली, की होतंच. त्या दिवशी गरम शेक घ्या, हलकं वळवणं चालू ठेवा, पट्ट्याचा व्यायाम एक-दोन दिवस बाजूला ठेवा. हनुवटीचा व्यायाम निम्म्या वेळा करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत पूर्वीच्या मात्रेवर या. अंथरुणात पडून राहू नका आणि एका दिवसाच्या दुखण्यावरून नवा एमआरआय काढू नका.

नस दबल्याचं हाताचं दुखणं बहुतेकांचं काही महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय ओसरतं. त्या काळात दर आठवड्याला दोन्ही हातांनी मूठ आवळून, डब्याचं झाकण उघडून, हात डोक्यावर नेऊन ताकद सारखी आहे का ते बघत जा. एका हाताची ताकद उतरत चाललीय असं वाटलं तर पुढच्या सीटिंगची वाट न बघता त्याच आठवड्यात मणक्याच्या सर्जनना दाखवा.